मनमोकळी चर्चा

साहेबांची उमेदीची वर्षं हेरखात्यात गेली. सीमेपलीकडच्या एका गावात त्यांचा खबऱ्या होता, एक शिंपी. मापं घेता घेता तो गिऱ्हाइकांच्या गप्पांना कान लावून बसायचा. बाजारात बॉम्ब फुटणार ही खबर त्यानेच दिली आणि कित्येकांचे जीव वाचले. साहेबांनी त्याला शब्द दिला होता, "तुझं नाव कुणाला कळणार नाही."

मग एकाएकी खबरा थांबल्या. घाबरला असेल बिचारा, अशी साहेबांनी मनाची समजूत घातली. तेवढ्यात बढती आली. दहशतवादाविरुद्धच्या वाटाघाटींसाठी त्यांना राजदूत नेमलं.

पहिल्याच परिषदेत त्यांच्यासमोर पलीकडचा जाडा अधिकारी बसला होता. बॉम्बवाल्यांना आपल्या बंगल्यात लपवणारा हाच, हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं. आता तो शांततेवर तोंड भरून बोलत होता. त्याच्याशी हात मिळवताना साहेबांच्या अंगावर शिसारी आली.

जेवताना तो दात कोरत म्हणाला, "तुमचा शिंपी भलताच चिवट हो! मरेपर्यंत तोंड उघडलं नाही."

साहेबांच्या हातातला घास हातातच राहिला. "त्याचं नाव कुणी दिलं तुम्हाला?"

"तुमच्याच सचिवांनी. मैत्रीची भेट म्हणून!"

शेजारी हेरखात्याचे सचिव आइस्क्रीम चाटत होते. ते हळूच म्हणाले, "जुनं उकरू नका. करार तोंडाशी आलाय."

दुपारी सहीसाठी करार पुढे येताच साहेबांनी माइक ओढला. "आधी त्या शिंप्याचं प्रेत त्याच्या बायकोला द्या. सहकार्याचं मग बघू."

दुभाष्याची जीभ अडखळली. जाडा अधिकारी छताकडे बघत बसला. शेवटी सचिवांनीच सही ठोकली. 'चर्चा मनमोकळी झाली,' असं वर्तमानपत्रांत छापून आलं. प्रेत काही मिळालं नाही, आणि साहेबांना घरी बसवलं.

शिंप्याची बायको सीमेच्या अलीकडे, भावाकडे राहायला आली होती. साहेब तिला भेटायला गेले. तिने त्यांना दारातच उभं केलं.

"शब्द तुम्हीच दिला होता ना?"

"हो."

"मग ते गप्प झाले, तेव्हा शोध का नाही घेतलात?"

"माझी बढती होती," साहेब खाली मान घालून म्हणाले.

तिने दार लावून घेतलं.

पुढे सचिव खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी सल्लागार म्हणून साहेबांना परत बोलावलं. मुलगी म्हणाली, "जा ना बाबा, घरात नुसते कुढत बसता."

"त्या माणसाच्या पंगतीला?" साहेब म्हणाले. "नको गं. आधीच माझी मला किळस येते."