पुन्हा एकदा हाकला

फोटो काढत हिंडणाऱ्या माणसांची मला किळस येते. मी स्वतः त्यातलाच, म्हणून हे बोलायचा मला अधिकार आहे. साखर कारखान्याच्या ऑफिसात जन्म फायली सरकवण्यात गेला. निवृत्त झालो तेव्हा मुलाने कॅमेरा आणून हातात दिला आणि म्हणाला, नुसते बसून राहू नका, काहीतरी छंद लावून घ्या. लावून घेतला. हौसेला मोल नसतं म्हणतात. लाज नसते हे मात्र कुणी सांगत नाही.

सातारा-सांगलीकडच्या हौशी लोकांचा आमचा एक ग्रुप आहे. डॉक्टर, वकील, दोन रिटायर्ड सुभेदार, एक हेडमास्तर आणि रहिमतपूरहून मी. रविवारी उजाडायच्या आत गाड्या काढायच्या आणि जिथं काही चाललं असेल तिथं जाऊन धडकायचं. यात्रा, बैलगाड्यांची शर्यत, कुस्तीचं मैदान, काहीही. कुस्तीच्या मैदानात तर आम्ही दोन पैलवानांना तीनदा हात मिळवायला लावले होते, कारण पाहुण्यांचा चेहरा नीट येत नव्हता. ती पोरं अंगाला माती लावून गारठ्यात उभी, आणि आम्ही ओरडतोय, "पैलवान, जरा इकडं बघा." यात्रेत भिकारी दिसला की आमचे वकीलसाहेब खूश. भिकाऱ्याचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायचा, हा त्यांचा नियम. गुलालाने माखलेला माणूस रंगीत, उपाशी माणूस काळा-पांढरा. मला हे तेव्हाही खटकायचं, पण खटकलं म्हणून मी कॅमेरा कधी खाली ठेवला नाही.

ग्रुपचे पुढारी म्हणजे सांगलीचे दातांचे डॉक्टर. त्यांना सगळे सर म्हणतात. त्यांच्या गाडीच्या डिकीत कायम एक तांबडा पटका असतो, नवाकोरा, इस्त्री केलेला. कशाला, तर आजकालचे धनगर टोप्या घालतात, कानटोप्या घालतात, मफलर गुंडाळतात, आणि ते सरांना चालत नाही. धनगर कसा असतो हे सरांना ठाऊक, धनगराला ठाऊक नाही.

दिवाळी झाली की माण-खटावकडची मेंढरं खाली कृष्णाकाठाला उतरतात. असाच एक तळ रहिमतपूरच्या पुढे एका शेतात बसला होता. आम्ही पोचलो तेव्हा नुकतं तांबडं फुटत होतं. नवरा-बायको दोघंच, पंचवीस-तीस वर्षांची, दीडेकशे मेंढरं आणि दोन कुत्री. सरांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकला, त्याची कानटोपी काढली, स्वतःच्या हाताने पटका बांधला आणि म्हणाले, "मेंढरं त्या पाणंदीनं आमच्याकडं पळवत आणायची. धुरळा उडाला पाहिजे. फोटो मोठ्ठा करून फ्रेम लावून देतो तुम्हाला." तो बिचारा मोबाइलच्या काचेत स्वतःला बघून लाजला आणि हो म्हणाला.

पहिल्या खेपेला धुरळा उडाला नाही, दव पडलं होतं. सर म्हणाले, "पुन्हा एकदा हाकला." दुसऱ्या खेपेला धुरळा उडाला, पण ऊन वर आलं नव्हतं. "पुन्हा एकदा हाकला." तेव्हा त्याची बायको मध्ये आली. आधी नवऱ्याला म्हणाली, मग सरांना. "आवं, लय मेंढ्या गाभण हायती. महिन्याभरात व्यायच्या त्या. पळवू नगा. वरीसभर आमी ह्याच कोकरांच्या आशंवर हाय." सर हसून म्हणाले, "बाई, मेंढराला पळायची सवय असते." दात उपटणारा माणूस मेंढरं वळणारीला मेंढरांबद्दल शिकवत होता. आणि आम्ही सगळे, शिकली-सवरलेली माणसं, माना डोलवत उभे होतो.

तिसऱ्या खेपेला मी पाणंदीच्या कडेला, चाकोरीत गुडघे टेकून बसलो होतो. सगळ्यात पुढे मीच. मेंढरं सुटली. मागून ऊन आलं, धुरळा सोन्यासारखा उठला, आणि ती बाई एकदम मेंढरांच्या पुढे आली. हात वर करून आमच्याकडे बघत ओरडली, "थांबवा! गाभण हायती." मला शब्द न् शब्द ऐकू आला. वीस पावलांवर होती ती. मी बटण दाबलं. आणि फोटो बघून माझ्या तोंडून निघालं, "वा."

त्या "वा"ची मला जेवढी किळस येते तेवढी सरांचीही येत नाही.

पुढे वडाखाली आम्ही पोह्यांचे डबे उघडले, चहा ओतला. एकमेकांना फोटो दाखवणं चाललं होतं. तेवढ्यात सरांना आठवलं की पटका धनगराच्या डोक्यावरच राहिला. "तुमच्या गावाजवळचा माणूस आहे, तुम्हीच जाऊन घेऊन या," मला म्हणाले. मी गेलो. तळावर एक मेंढी आडवी पडली होती आणि बाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मागे मातीत काहीतरी ओलं, बोटभर पायांचं पडलं होतं. कुत्रं वास घ्यायला आलं तसं नवऱ्याने त्याला हुसकलं. मेंढीने गाभ टाकला होता. बाई माझ्याकडे बघतही नव्हती, मेंढीच्या पोटावरून हात फिरवत होती. मी काय बोलावं? मी म्हणालो, "तो पटका."

नवऱ्याने डोक्यावरचा पटका सोडला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला. मी तो घेऊन परत आलो आणि कुणाला काही सांगितलं नाही. वर दुसऱ्यांदा चहा घेतला.

घरी बायकोला सांगितलं. ती शेतकऱ्याच्या घरची, तिला गाभण म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. ती एवढंच म्हणाली, "आवं, जनाची न्हाई तर मनाची तरी ठेवायची." मी म्हणालो, उद्याच जाऊन त्यांची माफी मागतो. उद्याचा परवा झाला, परव्याचा आठवडा झाला, तोवर तळ हलला होता.

पण तोच फोटो साताऱ्याच्या प्रदर्शनात पाठवायला मला वेळ मिळाला. पहिला नंबर आला. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी खाली नाव दिलं होतं, "मायेची हाक". पाहुणे माइकवर म्हणाले, "तो वर केलेला हात बघा. आई लेकरांना बोलावते तशी ती मेंढरांना बोलावते आहे." टाळ्या पडल्या. मेंढरं तिच्या पाठीमागे आहेत हे दोन डोळे असलेल्या कुणालाही दिसत होतं, पण तोंड उघडायचं धाडस मला झालं नाही. शाल घेतली, नारळ घेतला, खाली वाकून नमस्कारही केला. सर जवळ येऊन म्हणाले, "पटक्याची आयडिया कामाला आली की नाही?" फोटोत पटक्याचं एक टोकसुद्धा नव्हतं.

बायकोने तो नारळ फोडला नाही. शाल बॅगेतून बाहेरही काढू दिली नाही.

मग मात्र मला चैन पडेना. फोटो मोठा करून घेतला, फ्रेम केली. सरांनी कबूल केलेली फ्रेम सर देणार नव्हते, हे काय मला माहीत नव्हतं? मेंढरांचा माग काढत काढत गेलो. कुणी म्हणालं कोरेगावाकडं, कुणी म्हणालं नदी ओलांडली. शेवटी कराडच्या अलीकडे तुटलेल्या उसाच्या रानात तळ सापडला. नवरा मेंढरं चारायला लांब गेला होता. बाईने मला ओळखलं. ओळखून सुद्धा तिने पोत्याची घडी टाकली, "बसा बाबा," म्हणाली आणि तीन दगडांच्या चुलीवर चहा टाकला. मी विचारलं, मेंढ्या कशा आहेत. म्हणाली, "त्या दिशी येकीनं टाकला, नंतर आनी तिघींनी. ज्या ऱ्हायल्या त्या व्याल्या बऱ्या."

मी फ्रेम पुढे केली. तिने पदराने काच पुसली आणि बराच वेळ बघत राहिली. मग एका मेंढीवर बोट ठेवलं. "ही बगा, हीच ती." बोट वर सरकवून स्वतःच्या तोंडावर आणलं. "आन् हितं मी तुमास्नी थांबवा म्हनतीया."

"व्हय," मी म्हणालो.

"तुमास्नी ऐकू आलं हुतं का?"

खोटं माझ्या तोंडाशी तयार होतं. कुत्री भुंकत होती, मेंढरं ओरडत होती, वयाने कान गेलेत. काहीही खपलं असतं, ती खपवून घ्यायला तयारच होती. पण तिचा तो हात काचेवर होता.

"आलं होतं," मी म्हणालो.

फ्रेम तिने पालथी करून माझ्या मांडीवर ठेवली.

"मला वाटलं, मेंढरांच्या कालव्यात ऐकू आलं नसंल," ती म्हणाली. "त्या पटकंवाल्याला रोज शिव्या देतीया. तुमास्नी येक बी दिली न्हवती."

चुलीवर चहा उकळून वर आला होता. तिने पदराने भांडं धरून उतरवलं, एकच कप भरला आणि तो घेऊन नवरा गेला होता त्या दिशेला चालायला लागली.