तंबोरा चढलाय

रविवार, सकाळी दहा. हजर: मी, लासूर स्टेशनहून आलेली आत्या आणि शहागंजातले तंबोरेवाले.

आत्याच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या होत्या. तंबोरेवाल्यांची सवय मला ठाऊक आहे. ट्यूनरचा काटा मधोमध येऊन सूर जुळल्याचा हिरवा दिवा लागेपर्यंत ते चहालाही हात लावत नाहीत. "काटा खोटं बोलत नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दिवा लागला, त्यांनी चहा घेतला. पण आत्याचा आवाज तंबोऱ्याच्या सुरापर्यंत पोचेना. "राहू दे गं, गळा गेला माझा," म्हणत ती उठायला लागली.

"बसा आक्का, तंबोरा चढलाय," ते म्हणाले. तिला गुणगुणायला लावून त्यांनी ट्यूनर समोर धरला आणि काट्यानं दाखवलेल्या सुरावर तारा उतरवल्या. सगळ्या ओव्या झाल्या.

हिरवा दिवा मी पाहिला होता. त्याबद्दल त्यांना विचारायचं, असं माझ्या कामांच्या यादीत लिहिलंय. अजून विचारलेलं नाही.