मागच्या इंजिनाला वाळ्याची ताटी

आनंदराव मेश्राम यांनी आयुष्यभर ज्या बस चालवल्या, त्यांचं इंजिन त्यांच्या डाव्या गुडघ्याशी असे. काही बिघडलं तर आधी त्यांच्या कानाला कळे. १९७४च्या उन्हाळ्यात मालक मनोहररावांनी नागपूर-मौदा फेरीसाठी इंजिन मागे असलेली बस घेतली आणि सर्वांत जुना चालक म्हणून त्यांच्या हाती दिली. पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून खुपलं.

मे महिन्यात इंजिनाच्या तापमानाचा काटा चढू लागला. आनंदरावांचा संशय गेला मिस्त्री विश्वनाथवर. ही बस त्याला आपल्या चालक मेहुण्याला मिळवून द्यायची आहे, म्हणून तो इंजिनात काहीतरी करतो, असं त्यांनी धरून ठेवलं. इंजिनाच्या झाकणाला त्यांनी स्वतःचं कुलूप घातलं. नागपुरातल्या नंदनवन वस्तीतल्या घरी खिडकीला होती तशीच वाळ्याची ताटी आणून रेडिएटरच्या जाळीवर तारेनं बांधली आणि थांब्याथांब्यावर तिच्यावर पाणी मारू लागले. खोली गार होते, मग इंजिन का होणार नाही? बस मात्र आता मौद्याच्या अलीकडेच उकळू लागली.

एक दिवस मनोहरराव विश्वनाथला घेऊन बसमध्ये चढले. "आज उकळली त गाडी दुसऱ्याले देईन, आनंदराव."

उकळली. विश्वनाथनं तार कापून ताटी रस्त्याकडेला फेकली.

"समोरच्या इंजिनाले धावत्या गाडीचा वारा भेटते. इथं पंखा ओढन तेवढाच. तुमी त त्याच्या तोंडावर ओली गादी बांधली!"

"इंजिनाले लू लागली होती काय, भाऊ?" एक प्रवासी म्हणाला. बस हसली.

परतीच्या वाटेवर काटा थोडा चढला, पण बस उकळली नाही. मनोहररावांचा रागही उतरला.

"गाडी तुमच्याचकडे राहू द्या. फक्त कुलपाची चाबी विश्वनाथले द्या."

"मंग मांगं हा काय करून राहिला, ते मले कसं समजन?"

"काहून गा, इंजिन खाऊन टाकन का मी?" विश्वनाथ म्हणाला.

"तुहा भरवसा नाही."

आनंदरावांनी चावी दिली नाही. जुनी बस मागून घेतली. मालकानं कुलूप तोडलं आणि गाडी दुसऱ्या चालकाला दिली. त्या उन्हाळ्यात ती पुन्हा उकळली नाही.

"पाह्य ना," आनंदराव बायकोला, प्रेमिलाबाईंना, म्हणाले, "मी उतरलो अन् गाडी सुधरली. आता तरी पटलं का, तो विश्वनाथ काय करत होता ते?"