एका अक्षराची बाटली

“बाटली काढ आधी, मग यष्टीत पाय ठेव!”

“आज्जे, सोड ना बॅग! न्हाई म्हन्ले ना बाटली!”

अहमदपूरच्या बसस्टँडवर मी माझ्या नातीच्या, प्रज्ञाच्या, बॅगेला लोंबकळले होते आणि लातूरची गाडी शेजारी घरघर करून राहिली होती. फजिती माझी आहे, तर माझ्याच तोंडून ऐका. लोक सांगतील त्यात तिखट जास्त पडंल!

मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. मराठी वाचायला शिकले पुडीच्या कागदांवरून, इंग्रजी अक्षरं दुकानांच्या पाट्यांवरून. मग वाचनात मी कुणाचं ऐकते होय? सकाळी पोरीच्या मोबाईलवर निरोप आला. मराठीच होता, मधेच एक शब्द इंग्रजी. लावली मी अक्षरं. बी, ए, टी, टी, एल, ई. बाटल! ‘आज पाचला लातुरात बाटल. उशीर झाला तर नाव कट.’

पंचशील तोंडपाठ असलेलं आमचं घर, आणि पोरगी नाव नोंदवून प्यायला निघालेली!

“आज्जे, बॅटल गं, बॅटल! लढाई! दोघांनी गाण्यातून एकमेकाला झोडायचं. जितंल त्याचं गाणं स्टुडिओत रेकॉर्ड करनार हायेत. कापडाच्या दुकानात घड्या घालून घालून दोन वर्सं वाट पाह्यली मी!”

“भांडायला लातूर कशाला? पाण्याच्या टँकरवर भांडायला जागा कमी पडली का?”

माणसं जमली. एक पटकेवाले म्हणाले, “म्हातारी बरोबर हाय. बॅग हुंगून पाहा.”

हुंगली मी! वास आला भाकरीचा आणि ठेच्याचा. म्हणून मी हटते का?

“लसणानं वास दाबलाय हिनं!”

“मावशी, गाडी चालली!” कंडक्टर दारातून ओरडला.

प्रज्ञाचे डोळे भरले. पण रडली नाही हो! गाडीच्या पत्र्यावर थाप मारली आणि सुरूच झाली:

“पाटी बदला, जिल्हा बदला, बदला नकाशा,
घागर माझी रिकामीच, वाजती जसा ताशा!”

त्या दुष्काळात जो तो नव्या जिल्ह्याच्या गप्पा हाणायचा आणि नळाला महिना महिना थेंब नसायचा. सगळं स्टँड गाडीभोवती गोळा झालं. मग टाळ्या! पटकेवाले तर फितूरच झाले. “वाजीव पोरी, अजून वाजीव!”

कंडक्टरनं खाली उतरून मोबाईल पाहिला.

“मावशी, बॅटलच हाय हे. बाटलीला ‘ओ’ लागतो, हितं ‘ए’ हाय.”

आता बोला! आयुष्यभराची विद्या एका ‘ए’नं पाण्यात गेली, तीही पाणी नसलेल्या साली. सगळे माझ्याकडं बघून राहिलेले.

“आता तरी सोडशील का?” प्रज्ञा म्हणाली.

मी बॅग सोडली नाही. खांद्याला अडकवली, गाडीची पायरी चढले आणि म्हणाले, “मास्तर, एक पुरं तिकीट हिचं फाडा, आन् एक अर्धं द्या ह्या अर्धवट शिकलेलीचं!”