सदानंदची मांडी

वारिजक्काच्या सोनोग्राफी केंद्रात सकाळी गरोदर बायकांची रांग असते. कंबळच्या शर्यती सुरू झाल्या की त्या रांगेत अधूनमधून एखादा दणकट पुरुष अंग चोरून बसलेला दिसतो. चिखलपाण्यातून रेड्यांच्या जोडीमागे धावताना त्याची मांडी दुखावलेली असते.

"कितवा महिना?" शेजारच्या बाईनं सदानंद पूजारीला विचारलं.

"शनिवारी मोकळा झालो पाहिजे," तो म्हणाला. बायका हसल्या.

शनिवारी शर्यत होती. शीनप्पा शेट्टींचे रेडे कुट्टी आणि चेन्ना सदानंदखेरीज कुणाच्या हाती पळत नाहीत. म्हणून शीनप्पाही सोबत आले होते.

वारिजक्का कार्कळात आली ती पोटातली बाळं बघायला. मांड्यांची विद्या तिनं रविवारी मंगळूरला जाऊन मिळवली आणि सराव नवऱ्यावर केला. "तो कधी पळत नाही, त्यामुळं त्याचे स्नायू कोरे करकरीत," असं ती सांगते.

तिनं जेल लावून आधी सदानंदचा चांगला पाय दाखवला. पडद्यावर विंचरलेल्या केसांसारखे सरळ धागे दिसले. दुसऱ्या पायात धागे तुटलेले होते आणि मधे काळं डबकं.

"हे रक्त साचलंय. तेल लावून रगडलं कुणी?"

शीनप्पा भिंतीकडे बघू लागले. "मीच. रेड्यांना रगडतो तसं."

वारिजक्कानं पडद्यावर नजर ठेवून सुई आत घातली. पांढरी रेघ डबक्यापर्यंत गेली, सिरिंज लाल झाली, डबकं आक्रसत गेलं. सदानंद मान वळवून बघत होता.

"आता एखादं इंजेक्शन देऊन टाका," शीनप्पा म्हणाले. "शनिवारपुरतं."

"कुट्टीची मांडी अशी असती, तर शनिवारी जुंपला असता?"

"कुट्टीला? डोकं फिरलंय का माझं..." आणि ते थांबले.

"अक्का, गोठ्यात आमचा नंबर तिसरा," सदानंद पालथ्यानंच म्हणाला.

"गप पड," शीनप्पा म्हणाले. मग वारिजक्काला, "किती दिवस?"

"महिना तरी. मग पुन्हा बघून सांगते."

"अण्णा, जोडी पळवायला मूडबिद्रीच्या जगन्नाथला विचारा की."

"कुट्टी त्याला चिखलात लोळवेल. राहू दे. जोडी घरीच थांबेल."

शनिवारी शर्यतीच्या बांधावर सदानंद खुर्चीत बसला होता, दुखरा पाय दुसऱ्या खुर्चीवर. ती शीनप्पांची होती. ते दिवसभर उभेच होते.