मोठ्या बाईंची मोपेड

लेकीच्या शाळेतून बोलावणं आलं आणि त्यांनी आधी चहा दिला. चहा चांगला होता, उगीच खोटं कशाला बोला? समोर प्रिन्सिपल, शेजारी काउन्सेलर आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर लेकीची क्लास टीचर, जेमतेम पंचविशीची पोर. माझी लेक सातवीत. स्कूलबसमधल्या मागच्या सीटवरच्या मुली रोज तिची बॅग पायाखाली तुडवायच्या, तिच्या चालण्याची नक्कल करायच्या. शेवटी तिनं जाहीर करून टाकलं, "मी या शाळेत पाऊल टाकणार नाही. मला दुसरीकडे घाला." आणि त्या दिवसापासून घरीच बसली.

"आमच्याकडे कमिटी आहे ना," प्रिन्सिपल म्हणाल्या. "तक्रारपेटी आहे, सगळीकडे कॅमेरे आहेत."

"बसमध्ये?"

"बस कॉन्ट्रॅक्टरची असते, मॅडम."

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला होता, शाळेशी बोला. पोलीस चौकीतले साहेबही तेच म्हणाले, "ताई, लहान पोरी आहेत, शाळेतच मिटवा." म्हणजे चहा सगळ्यांकडे, उत्तर कुणाकडेच नाही! माझं डोकं असं तापलं की विचारू नका. आणि तिथे बसल्या बसल्या मला आमच्या मोठ्या बाई आठवल्या.

आम्ही तेव्हा विश्रांतवाडीला राहायचो आणि शाळा पार पेठेत. आठवीत मी महापालिकेच्या शाळेतून तिथे आले आणि आल्या आल्या सहामाहीत पहिली आले. झालं! त्यानंतर रोज शाळा सुटली की माझ्या सायकलची हवा सोडलेली. कधी पुढच्या चाकाची, कधी दोन्ही. कोपऱ्यावरच्या दुकानात हवा भरून यावी तर ते नेमकं बंद. मग येरवड्यातल्या दुकानापर्यंत सायकल ढकलत जायची, घरी पोचेपर्यंत दिवेलागण. आई दारातच उभी. एक दिवस बाबा म्हणाले, "पुरे झालं. जूनपासून जवळची शाळा." पेठेतल्या शाळेतली प्रयोगशाळा, तिथलं ग्रंथालय, सगळं सुटणार म्हणून मी रात्रभर उशीत तोंड खुपसून रडले.

दुसऱ्या दिवशी सायकल ढकलत फाटकाशी आले तर समोर मोठ्या बाई. मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाईच म्हणायची. कडक इस्त्रीची सुती साडी, दुखरा गुडघा आणि त्याहून कडक जीभ. गोड बोललेल्या कुणी ऐकल्या असतील तर शपथ!

"काय गं, सायकलला फिरायला नेतेस का?"

मला हुंदकाच फुटला. त्यांनी मला रडू दिलं. मग विचारलं, "कोण करतं?" मी मान हलवली. खरंच ठाऊक नव्हतं.

"बरं. उद्या सायकल कुठे लावतेस ते मला दाखव."

बाईंची मोपेड ऑफिससमोरच्या पोर्चमध्ये असायची. ऐन सावलीत, पायरीला लागून. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती मैदानापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून माझ्या सायकलला खेटून लावली. आणि प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर म्हणाल्या, "कुणाला हवा सोडायची हौस असेल तर माझ्या गाडीची सोडा. शेडमध्येच आहे. संकोच करू नका."

संपलं. पुन्हा माझ्या चाकाला कुणी बोट लावलं नाही. बाबांनी जवळच्या शाळेचा विषय सोडला. माझी दहावी होईपर्यंत ती मोपेड तिथेच लागायची. बाई गुडघा धरत, उन्हातून, सगळं मैदान तुडवत ऑफिसात जायच्या. माझ्याशी त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.

हे सगळं मी त्या केबिनमध्ये सांगून टाकलं, जरा चढ्या आवाजातच. प्रिन्सिपल हसल्या. "तो काळ वेगळा होता हो." कोपऱ्यातल्या पोरीनं मात्र एवढंच विचारलं, "तुमच्याकडे बस किती वाजता येते?"

सोमवारी सकाळी लेक युनिफॉर्म घालेना. मी समजावतेय, ती भिंतीकडे तोंड करून बसलेली. तेवढ्यात बेल वाजली. दारात क्लास टीचर, हेल्मेट हातात. हडपसरच्या तिच्या घरून पार आमच्या कर्वेनगरला, एवढ्या सकाळी!

"चल गं, बस येईल," ती लेकीला म्हणाली. "मीपण त्याच बसनं येतेय. आता रोजच येणार. आपण दोघी मागच्या सीटवर बसू. ताई, गाडी खाली लावली तर चालेल ना?"

लेकीनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. उठली आणि मोजे शोधायला लागली.

आमच्या सोसायटीच्या फाटकावर पाटी आहे, 'बाहेरच्यांनी गाड्या लावू नयेत. विचारूही नये.' मी माझी गाडी काढून बाहेर रस्त्यावर लावली आणि माझ्या जागेवर तिची लावायला सांगितली. बस आली. दोघी चढल्या आणि सरळ मागे गेल्या. काचेतून लेकीनं हात हलवला. मी डोळे पुसत उभी, तर सेक्रेटरी दूध घेऊन येत होते.

"अहो, ही कुणाची गाडी?"

"मोठ्या बाईंची," मी म्हटलं. "रोज इथेच लागेल."