सहदेवने परत केलेले मास्क

सहदेव ठोंबरे याने दहा दिवसांत तीन मास्क परत केले, तेव्हा मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. त्याआधी चौदा वर्षे तो माझ्या खिडकीवर येत होता. बूट, हातमोजे, टॉर्चचे सेल घेऊन जात होता. पण स्टोअर्सच्या खिडकीतून माणसाचा हात आणि त्या हातातली चिठ्ठी एवढेच दिसते.

ही १९८३ च्या सप्टेंबरातली गोष्ट. रसायनीच्या आमच्या कारखान्यात मी तेव्हाही स्टोअर्स सांभाळत होतो, आजही सांभाळतो. येत्या मार्चअखेर सुटेन. सहदेव फायर स्क्वॉडमध्ये होता. परत आलेल्या तिन्ही मास्कच्या चिठ्ठ्यांवर, कारणाच्या रकान्यात, त्याच्या मोठ्या अक्षरात एकच शब्द होता : गळतो.

मास्क तपासायची रीत सोपी आहे. तोंडावर चढवायचा, पट्टे ओढायचे, खालच्या गाळणीच्या डब्याचे भोक तळहाताने झाकायचे आणि श्वास आत घ्यायचा. मास्क गालांना चिकटला की तो चांगला. मी तिन्ही चढवून पाहिले. तिन्ही चिकटले.

"सहदेव, मास्क चांगले आहेत."

"नाय भाऊसाहेब. घातला की आत टाकीतल्या ॲसिटोनचा वास येतो. टाकीपाशी असतो तर म्हनलो असतो की ठीक हाय. मैदानात ड्रिल होती."

"बाकी कुणाला येत नाही."

"बाकीच्यांचं नाक आनि माझं नाक एक हाय का?"

त्याचे नाक सगळ्या कारखान्याला माहीत होते. त्या काळी वास मोजायचे यंत्र आमच्याकडे एकच होते आणि ते बहुतेक वेळा दुरुस्तीला मुंबईला गेलेले असे. पेट घेणाऱ्या सॉल्व्हंटच्या टाक्यांच्या आवारात कुठे वेल्डिंग करायचे झाले तर आधी स्क्वॉडचा माणूस फिरून येई आणि 'वास नाही' अशा चिठ्ठीवर सही करी. सहदेवची सही असली की वेल्डर दुसऱ्यांदा विचारत नसत.

त्याच्या मागे गजा उभा होता, स्क्वॉडमधला तरुण पोरगा. तो म्हणाला, "भाऊसाहेब, दादांना मास्क नको, एक कोंबडी द्या. वासबीस समदं इसरतील."

"गप रं," सहदेव म्हणाला. पण ते म्हणतानाही त्याचा आवाज दमलेला होता.

ते दोघे बोलत असताना मला वाटले, मागे एखादा ड्रम गळतोय. जास्त पिकलेल्या केळ्यासारखा तो गोडसर, उग्र वास. मी उठून ड्रमची रांग पाहून आलो. सगळी झाकणे घट्ट होती. परत आलो तर ते दोघे गेले होते, आणि वासही गेला होता. दुसऱ्या दिवशी सहदेव नवा मास्क मागायला खिडकीशी वाकला आणि तोच वास पुन्हा आला. तेव्हा माझ्या ध्यानात आले की वास त्याच्या तोंडाचा आहे. मी त्याला तसे सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "एकदा आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना भेटून ये."

आता मागचे सांगितले पाहिजे.

सहदेवचे गाव कारखान्याच्या कुंपणाला लागून. कारखान्यासाठी जमीन गेली तेव्हा त्याच्या घरची पाच खाचरे गेली आणि बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली. आज जिथे सॉल्व्हंटच्या टाक्या आहेत ती त्याची भाताची जमीन. तो कधी त्याबद्दल तक्रारीने बोलला नाही. पण टाक्यांना आम्ही नंबर दिले होते आणि तो त्यांना खाचरांच्या नावांनी ओळखत असे. दोन नंबरची टाकी म्हणजे 'खालचा वाफा'. कुठल्या महिन्यात त्या जागेवर वारा कुठून येतो आणि कुठे कोंडतो हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. त्याचे नाक तेज होते हे खरेच. पण अर्धे काम या माहितीचे होते, असे मला वाटते.

त्या वर्षी जूनमध्ये नवा नियम आला. फायर स्क्वॉडच्या माणसाचे वजन उंचीच्या हिशेबात बसले पाहिजे. डिसेंबरात तपासणी होणार. जो बसणार नाही त्याची बदली मुख्य गेटवर. पगार तोच. सहदेवचे वजन भरले चौऱ्याण्णव किलो. त्याला ऐंशी हवे होते.

"पगार तोच आहे, मग गेट काय वाईट?" मी त्याला एकदा विचारले होते.

तो म्हणाला, "गेट रस्त्याकडं हाय. तिकडं आमचं कधी काय नव्हतं."

आमच्या दवाखान्यात तेव्हा डॉ. सुचेता गुप्ते नुकत्या लागल्या होत्या. कर्जतच्या जुन्या घरातल्या, वडील शाळामास्तर. त्यांनी सहदेवला तपासले आणि त्याचे खाणे विचारले. सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी भात, रात्री भात. कालवण बदलत असे, भात बदलत नसे. कष्टाच्या शेतीत हे खाणे जिरत होते. स्क्वॉडच्या बाकावर बसून ते साठत गेले. बाईंनी त्याला एका नव्या पथ्याची माहिती सांगितली. भात, भाकरी, चपाती, साखर, गूळ, बटाटा, केळे, सगळे बंद. अंडी, मासळी, कोंबडी, पालेभाजी, तूप, पोटभर. त्यांनी हेही सांगितले की हे पथ्य सगळ्यांना सोसतेच असे नाही, दोन-तीन महिने करून पाहू, दर पंधरवड्याला येऊन दाखवायचे.

हे ऐकून सहदेवची बायको मैना म्हणाली, "मटन खाऊन माणूस सुकतो हे आज आयकलं. मंग खाटीक कसा जाडा ऱ्हातो गं बाई?" पण तिने केले. आषाढभर सुके बोंबील, ओढ्याचे मासे, अंडी, टाकळ्याची भाजी. पहिला आठवडा त्याचे डोके दुखत राहिले आणि पाय भरून येत. मग भूकच मेली. वजन मात्र उतरू लागले. पंधरा दिवसांत चार किलो.

"भूक लागत नाय," तो मला म्हणाला होता, "पन जेवलो असं बी वाटत नाय. ताटावरनं उठतो तो कुनाच्या तरी दारावरनं उठल्यासारखा."

मग श्रावण आला. मैनाने सांगून टाकले, "श्रावनात माझ्या चुलीवर अंडं चढायचं नाय. डॉक्टरीनबाईला सांगा, देव तिच्या पुस्तकात नसंल."

घरात दूध, भाजी आणि तूप एवढेच उरले. एवढ्यावर माणूस काम करू शकत नाही. कारखान्यात शेगडी पेटवायला मनाई, तीही स्क्वॉडच्याच सहीने. तेव्हा सहदेव पाळी सुटली की चालत मोहोपाड्याला जाई आणि नाक्यावरच्या गाडीवर उभ्या उभ्या सहा अंडी खाऊन घरी येई. घरी येऊन अंघोळ करी, मग देवाला हात जोडी. गावात बातमी दोन दिवसांत पोचली. कुणी म्हणाले, सहदेव बाटला. कुणी म्हणाले, नाक्यावर दुसरे घर केले. गजा म्हणाला, "दादा, गनपतीत तुमच्या घरी मोदक असतील ना? का उकडलेलं अंडंच मखरात?" सहदेव हसला नाही. गणपतीत त्याने मोदक हातात घेतला, कपाळाला लावला आणि नातीच्या ताटात ठेवला.

सप्टेंबरच्या अखेरीस वजन शहाऐंशीवर आले. आठ किलो गेले होते, सहा राहिले होते. गळ्याची घडी गेली होती, पट्ट्याला दोन नवी भोके पडली होती. शिडी तो पूर्वीपेक्षा हलका चढत होता. याच वेळी ते तीन मास्क परत आले.

डॉक्टरबाईंनी त्याची लघवी तपासली. साखर नव्हती. त्यांनी त्याला समजावले ते त्याने मला जसेच्या तसे सांगितले : भात बंद झाला की शरीर साठलेली चरबी जाळू लागते, आणि ती जळताना थोडे ॲसिटोन तयार होते, तेच श्वासातून बाहेर येते. मास्क घातला की आपलाच श्वास आपल्याला परत मिळतो. काळजीचे कारण नाही. पथ्य लागू पडत असल्याची ती खूण आहे.

"म्हंजे टाकीत हाय तेच माझ्या पोटात?" त्याने विचारले होते.

"तेच. अगदी थोडे."

तो माझ्याकडे आला आणि मास्क घेऊन गेला. चिठ्ठी लिहिली नाही. जाताना म्हणाला, "भाऊसाहेब, ते तीन मास्क परत रॅकवर ठेवा. दोष माझा होता."

मला वाटले, प्रश्न मिटला. खरे तर तो तिथून सुरू झाला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन नंबरच्या टाकीजवळच्या पाइपाला वेल्डिंग करायचे होते. ऊन कडक, वारा पडलेला. सहदेव नेहमीप्रमाणे फिरून आला. पंपाजवळ त्याला वास आला. तो थांबला. पुन्हा हुंगले. पंधरा दिवस त्याला हा वास घरी येत होता, बसथांब्यावर येत होता, सकाळी उठल्यावर तोंडात येत होता. तो स्वतःशी म्हणाला, माझाच आहे. आणि त्याने 'वास नाही' या चिठ्ठीवर सही केली.

वेल्डरला मशीनची केबल तिथवर आणायला पाव तास लागला, म्हणून बचावलो. तेवढ्यात पाण्याची नळी न्यायला गजा पंपाच्या मागे गेला तर खाली जमीन ओली. पंपाच्या दांड्याशी थेंब थेंब गळत होते. त्याने पंप बंद करवला, जागा धुऊन काढली, वेल्डरला मागे हटवले. गळतीची नोंद झाली. चिठ्ठीची झाली नाही. ती गजाने वेल्डरकडून मागून घेतली होती. संध्याकाळी त्याने ती सहदेवच्या हातात दिली.

"दादा, ही तुमची." एवढेच बोलला. एरवी तोंड बंद न ठेवणारा पोरगा, त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही. सहदेव मला म्हणाला, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरबाईंकडे गेला. मीही होतो, माझे रक्तदाबाचे औषध न्यायचे होते. त्याने चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि घडलेले सगळे सांगितले. बाईंनी ती वाचली.

"तुमचं काम हुंगण्याचं आहे, हे मी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मी फक्त वजन पाहिलं."

"भात खाल्ला तर वास जाईल?"

"दोन-तीन दिवसांत."

"आनि वजन?"

"थोडं परत चढेल. मग अर्धं ताट भात आणि रोज चालणं ठेवलंत तर हळूहळू उतरेल. पण सावकाश. डिसेंबरपर्यंत ऐंशी होणार नाही, सहदेव. हेच पथ्य चालू ठेवलंत तर होईल, जेमतेम होईल. पथ्य वाईट नाही. तुम्हाला मानवलंही आहे. तुमच्या कामाला मानवत नाही."

"म्हंजे स्क्वॉडमधी ऱ्हायचं तर हे खायचं. आनि हे खाल्लं तर स्क्वॉडचं काम येत नाय."

त्याने चिठ्ठीची घडी केली आणि खिशात ठेवली. "दोन महिने सुट्टी घेऊन केलं तर?" त्याने विचारले, आणि स्वतःच मान हलवली. त्याची सुट्टी किती उरली होती ते मला ठाऊक होते, त्यालाही.

घरी उरलेल्या एका खाचरातले हळवे, लवकर पिकणारे भात त्याच आठवड्यात झोडून झाले होते. नवा भात घरातल्या कर्त्याने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी खात नाही, म्हणून मैनाने तो चार दिवस कणगीतच ठेवला होता आणि घर जुन्या तांदळावर चालवले होते. तिने त्याला विचारले नव्हते. त्या रात्री तो पाटावर बसला आणि म्हणाला, "वाढ गं नवा."

तिने वाढले. तो जेवला. तिने विचारले, "आनि तपासनी?"

"व्हईल ती."

तीन दिवसांनी तो स्टोअर्सच्या मागच्या अंगणात आला, मास्क चढवला, भोकावर तळहात ठेवला, मग हात काढला, आणि मोकळा श्वास घेतला. त्यानंतर डिसेंबरपर्यंत त्याने पाच वेल्डिंगच्या चिठ्ठ्यांवर सह्या केल्या आणि दोन अडवून धरल्या. दोन्ही वेळा गळती निघाली. या काळात तो अर्धे ताट भात खात होता आणि मोहोपाड्यापर्यंत चालून परत येत होता, अंड्यांच्या गाडीवर न थांबता.

तपासणीच्या दिवशी वजन पंच्याऐंशी भरले. डॉक्टरबाईंनी शेऱ्यात लिहिले की सहा महिन्यांत नऊ किलो उतरले आहेत, आणखी सहा महिने द्यावेत, आणि या माणसाच्या नाकाचा कारखान्याला उपयोग आहे. वरून उत्तर आले की नियमात नाकाची तरतूद नाही. नियम करणाऱ्यांनाही मी दोष देत नाही. मी आयुष्यभर रकान्यांचेच काम केले. जो रकाना छापलेला नाही त्यात काही लिहिता येत नाही, हे मला माहीत आहे.

एक जानेवारीला सहदेव सामान जमा करायला आला. हेल्मेट, बूट, पट्टा, कुऱ्हाड, मास्क. गजा ते उचलून त्याच्याबरोबर आला होता. मी एकेक वस्तू पाहून लिहीत होतो. मास्कपाशी आलो आणि सवयीने विचारले, "स्थिती काय लिहू?"

सहदेवने मास्क परत हातात घेतला. चढवला, पट्टे ओढले, तळहाताने भोक झाकले. गालांवर रबर चिकटले. मग त्याने हात काढला आणि बराच वेळ तसाच श्वास घेत उभा राहिला, टाक्यांच्या बाजूला तोंड करून. गजा खाली पाहत होता.

त्याने मास्क काढून खिडकीत ठेवला.

"चांगला हाय," तो म्हणाला. "लिव्हा, भाऊसाहेब."

मी लिहिले.